शरीराला शत्रूची आधी ओळख करून देणारे वाल्डेमार हाफकिन

हीरक महोत्सवी स्मरणिकेत शाळेच्या वाटचालीबरोबरच एका थोर व्यक्तीचे चरित्रस्मरण असावे, असे संपादक मंडळाने ठरविले आणि ते काम माझ्याकडे सोपविले. मी निवडलेली व्यक्ती जन्माने मराठी नाही, भारतीयही नाही. तरीही मुंबईच्या परळ भागातून जाणाऱ्या प्रत्येकाने तिचे नाव एका संस्थेच्या फलकावर वाचलेले असते. ती व्यक्ती म्हणजे वाल्डेमार हाफकिन. या निवडीमागे एक प्रसंग आहे, तो आधी सांगते.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीवर जे गुदरले, ते करोल बागेतील एकाही घराला विसरता येणार नाही. सांगली जिल्ह्यातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी येथे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांपासून सरकारी नोकरदारांपर्यंत सर्वांची धावपळ तेव्हा एकाच गोष्टीसाठी चालली होती : प्राणवायूचे एक सिलिंडर. सप्टेंबरमध्ये नववीचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत आली. तिचे वडील मे महिन्यात गेले होते. तिने विचारले की, बाबांचा ताप पाचव्या दिवशी उतरला होता, ते जेवू लागले होते. मग नवव्या दिवशी एकाएकी त्यांचा श्वास का कोंडला? त्यांचे शरीर दुबळे होते का? की घरच्यांनी उशीर केला, असे तिची आई रोज म्हणत असे, तेच खरे होते?

मी मराठी शिकविणारी. त्या दिवशी मी तिच्या पाठीवरून हात फिरविण्यापलीकडे काही करू शकले नाही. पुढे शाळेतील विज्ञानशिक्षकांकडून आणि वाचनातून जे उमगत गेले, त्याचा धागा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका जीवनापर्यंत जाऊन पोहोचला. म्हणून हे चरित्र.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, त्या काळच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. ज्यूंवर हल्ले करणाऱ्या जमावाला प्रतिकार करताना तरुण हाफकिन जखमी झाले, त्यांना अटकही झाली. तेव्हा मेचनिकॉव्ह यांनीच मध्यस्थी करून त्यांना सोडविले. पुढे विद्यापीठात अध्यापनाची संधी मिळण्यासाठी धर्मांतराची अट पुढे आली. हाफकिन यांनी ती स्वीकारली नाही. परिणामी काही वर्षे प्राणिसंग्रहालयाच्या वस्तूंची देखभाल करण्याच्या नोकरीत काढून १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला.

येथे गुरूंच्या कार्याविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग तेथे आहे. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात एक बारीकसा काटा खुपसला आणि ते सूक्ष्मदर्शकातून पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूवर चाल करून जाणाऱ्या आणि तिला गिळून टाकू पाहणाऱ्या पेशी असतात, हे त्यांनी त्यावरून ओळखले. त्यांनाच आपण भक्षक पेशी म्हणतो. शरीर रोगापुढे निमूटपणे पडून राहत नाही, ते लढते, हा विचार त्या निरीक्षणातून रुजला. त्याबद्दल १९०८ मध्ये मेचनिकॉव्ह यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

हाफकिन १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. गुरू तेथे आधीच पोहोचले होते. मात्र संस्थेत रिकामी असलेली एकच जागा होती आणि ती ग्रंथालयातली होती. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा त्यांचा क्रम असे. तेथे त्यांनी पटकीची लस सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी दुर्बल केलेल्या जंतूंची एक मात्रा आणि काही दिवसांनी प्रबळ जंतूंची दुसरी. पहिल्या भेटीत शरीराला शत्रूचा चेहरा दाखवायचा, दुसऱ्या भेटीत त्याची तयारी पक्की करायची. दोन मात्रांमध्ये अंतर का ठेवायचे, हा प्रश्न आपल्याला २०२१ मध्ये पडला होता. त्याचे उत्तर ज्या विचारात आहे, त्याचा उपयोग हाफकिन एकोणिसाव्या शतकातच करीत होते.

१८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्यास आले. पटकी त्या काळी दरवर्षी असंख्य माणसे नेत असे. बंगालपासून उत्तर भारतापर्यंत फिरून हाफकिन यांनी दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. स्वतः हिवतापाने जर्जर झाल्यामुळे १८९५ मध्ये त्यांना इंग्लंडला परतावे लागले. पण पुढल्याच वर्षी ते पुन्हा भारतात आले. त्याच सुमारास मुंबईवर एक संकट कोसळले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांची तपासणी करताना मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. पाहता पाहता मुंबई ओस पडू लागली. पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. तपासणीच्या नावाखाली सोजिरांनी घराघरांत शिरून केलेल्या जुलमाचा संताप जूनमध्ये रँडच्या वधापर्यंत गेला. रोगाइतकीच सरकारी उपायांची दहशत होती. हाफकिन त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईत उतरले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून व तीन शिपाई होते.

त्या खोलीत त्यांनी जे केले, ते आजही चकित करते. मांसरसाने भरलेल्या काचपात्रांत तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू वाढवायचे, मग उष्णता देऊन ते मारायचे, आणि मेलेल्या जंतूंचा तो द्रव लस म्हणून वापरायचा. मेलेला जंतू रोग निर्माण करू शकत नाही. पण त्याची ठेवण शाबूत असल्यामुळे शरीर त्याला ओळखू शिकते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी, पुढे इतरांना देण्यात आली त्याहून कितीतरी मोठी, दहा घनसेंटिमीटरची मात्रा स्वतःला टोचून घेतली. टोचलेली जागा ठणकली, सडकून ताप आला; पण त्यांचे काम थांबले नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा निम्म्याच्या आसपास कैदी लस घ्यायला स्वेच्छेने पुढे आले. एकाच भिंतीआड, एकच अन्न खाणाऱ्या त्या दोन गटांत लस घेतलेल्यांमध्ये रोग आणि मृत्यू स्पष्टपणे कमी आढळले. आगाखानांनी स्वतः लस टोचून घेऊन आपल्या अनुयायांची भीती घालविली आणि प्रयोगशाळेसाठी खुश्रू लॉज ही वास्तू दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तिलाच १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

लसीमुळे प्लेगचा धोका साधारण निम्म्यावर येत असे. परंतु प्लेग थेट फुप्फुसात शिरला, तर तीच लस अपुरी पडे. फुप्फुस हे शरीराचे फार नाजूक दार आहे. तेथील वायुकोशांच्या भिंती इतक्या पातळ असतात की प्राणवायू सहज पलीकडच्या रक्तात उतरतो. म्हणूनच तेथे लढाई पेटली, तर तिची झळ आपल्याच घराला लागते. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे आता वळता येईल.

श्वसनमार्गात शिरलेला विषाणू तेथील पेशींत घुसतो आणि त्यांच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती तयार करून घेतो. बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची द्रव्ये सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. हा धोक्याचा पहिला घंटानाद. तो ऐकून मेचनिकॉव्ह यांच्या भक्षक पेशी धावत येतात. त्या परस्परांना हाका मारण्यासाठी सायटोकाइन नावाची द्रव्ये सोडतात. ताप, अंगदुखी, गळून जाणे हा त्याचाच परिणाम. शरीराची दुसरी फळी सावकाश सज्ज होते. टी पेशी बाधित पेशी हेरून त्यांचा नाश करतात, बी पेशी त्या विशिष्ट विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडे घडवतात. अनोळखी शत्रूसाठी हे सैन्य उभे राहायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. बहुतेक रुग्णांत ते वेळेवर येते, विषाणू हटतो, आणि मग सैन्याला माघारी बोलाविण्याचे संकेत मिळून शरीर शांत होते.

गंभीर रुग्णांत हा क्रम बिघडतो. करोनाच्या विषाणूचे एक कसब असे की तो आरंभीचा घंटानाद दाबून टाकतो. अनेक गंभीर रुग्णांत असे आढळले की शरीराला उशिरा जाग येते, तोवर विषाणू फुप्फुसात खोलवर पसरलेला असतो, आणि मग प्रतिकार बेभान होतो. सायटोकाइन द्रव्यांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, वायुकोशांत पाणी भरते, सूक्ष्म वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. या वेळी विषाणूची संख्या ओसरू लागलेलीही असू शकते. माणूस मात्र गुदमरतो, कारण आता इजा करणारा हात बराचसा त्याच्याच शरीराचा असतो. म्हणूनच ताप उतरल्यावर, सातव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास, बरे वाटता वाटता प्रकृती ढासळते. तिच्या बाबांचे शरीर दुबळे होते म्हणून हे घडले, असे म्हणता येणार नाही. ते लढत होते. पण या लढाईला मोजमाप उरले नव्हते. आणि ताप उतरलेला माणूस जेवू लागला असता घरच्यांना हायसे वाटले, यात त्यांचा दोष नव्हता. तो या रोगाचा चकवा होता.

असाच चकवा मुंबईने हाफकिन निघून गेल्यानंतर तीन-चार वर्षांतच अनुभवला होता. जून १९१८ मध्ये गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि इन्फ्लुएन्झाची साथ शहरात शिरली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये परतलेली दुसरी लाट भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे मरण पावली. देशभरात सव्वा कोटीहून अधिक लोक गेले, असे अंदाज आहेत. त्या साथीने वीस ते चाळीस वयोगटातील धडधाकट माणसे विशेषत्वाने नेली. पाठोपाठ होणारा जंतुजन्य न्यूमोनिया हे त्या मृत्यूंचे मोठे कारण होते. प्रतिकाराचा अतिरेक हेही एक कारण असावे, असे त्या विषाणूवरील अलीकडच्या प्रयोगांतून दिसते. तेव्हा परळची प्रयोगशाळा होती, पण शत्रूची ओळखच नव्हती. माणसाला इन्फ्लुएन्झा देणारा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला. ज्याचा चेहरा ठाऊक नाही, त्याची शरीराला आधी ओळख तरी कशी करून द्यावी?

लसीचे मोल येथे कळते. आधी ओळख झालेली असली की स्मृती जपणाऱ्या पेशी लवकर जाग्या होतात. लढाई वेळेवर सुरू होते, म्हणून लवकर संपते आणि मर्यादेत राहते. लस शरीराला बळ देते, तसाच संयमही देते, असे म्हटले तरी चालेल.

हाफकिन यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र वेळीच न सावरलेल्या घाईने झाकोळला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील, आज पाकिस्तानात असलेल्या, मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. साऱ्या देशात खळबळ उडाली. चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर, तेथील बदललेल्या निर्जंतुकीकरण पद्धतीवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. वास्तविक पुरावा वेगळेच सांगत होता. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली परळहूनच दूषित निघाली असती, तर उघडताच तिला दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. हा पुरावा मान्य व्हायला वर्षे लागली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते निर्दोष ठरले.

त्या १९ घरांचे दुःख खरे होते, त्यांचा संतापही समजण्याजोगा होता. परंतु दुःखाने भांबावलेल्या व्यवस्थेने पुरावा न पारखता आपल्याच रक्षकावर प्रहार केला. शरीराच्या बाबतीत जे घडते, ते समाजाच्या बाबतीतही घडू शकते, हे या प्रकरणातून मला दिसले. आपल्या विद्यार्थिनीच्या आईनेही आपल्या दुःखाचा सारा भार स्वतःवरच आणि घरच्यांवरच घातला होता.

हाफकिन कलकत्त्याला परतले, पण लसनिर्मितीचे काम त्यांच्या हाती पुन्हा दिले गेले नाही. ज्या माणसाने लाखोंना टोचून घेण्याचा धीर दिला, त्याला उरलेली वर्षे एका प्रयोगशाळेत अभ्यास करीत काढावी लागली. निवृत्तीनंतर ते फ्रान्सला गेले, पुढे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली आणि ऑक्टोबर १९३० मध्ये त्यांचे देहावसान झाले. १९६४ मध्ये भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्यांचा मार्ग मात्र पुढे चालत आला. मेलेल्या रोगकारकाची ओळख करून द्यायची, हेच तत्त्व वापरून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळ्या केलेल्या करोना विषाणूपासून कोव्हॅक्सिन तयार झाली. प्रतिकाराला लगाम घालण्याचे ज्ञानही आले. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखविले की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी करते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना त्याचा लाभ झाला नाही. पहिल्या दिवसांत सैन्य हवे असते, तेव्हा ते रोखणे घातक; दुसऱ्या आठवड्यात ते बेभान झाले, तर आवरणे आवश्यक. औषध एकच, पण वेळ ओळखायला डॉक्टरच हवा. मनाने घेतलेल्या किंवा गरजेहून अधिक दिल्या गेलेल्या स्टेरॉइडमुळे, विशेषतः मधुमेहींमध्ये, काळ्या बुरशीने काय केले, ते आपण त्याच उन्हाळ्यात पाहिले.

म्हणून पालकांना एवढेच सांगणे आहे. मुलांच्या आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या लसी वेळेवर द्या. श्वसनाच्या गंभीर साथीत ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पुढचे काही दिवस श्वासाकडे आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरकडे लक्ष असू द्या. स्टेरॉइड मनाने घेऊ नका. आणि माजी विद्यार्थ्यांनो, मुंबईला गेलात तर परळच्या त्या जुन्या वास्तूसमोर क्षणभर थांबा.

तिचा प्रश्न ऐकल्यानंतर सुमारे वर्षाने, या लेखात जे मांडले ते मी त्या विद्यार्थिनीला आणि तिच्या आईला माझ्या खोलीत बसवून सांगितले. आई बराच वेळ काही बोलली नाही. जाताना तिने मला विचारले की, हे सगळे कागदावर लिहून मिळेल का, गावी सासूबाईंनाही वाचून दाखवायचे आहे. ते तेव्हा लिहून द्यायचे राहून गेले होते. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने ते लिहून झाले. तिची पहिली प्रत त्या घरी जाईल.